विहीरवाला आणि मुठीतले तांदूळ

माझ्या नातवंडांनो,

गेल्या महिन्यात तुमच्यातल्या थोरलीचं पत्र आलं. कॉलेजात तिला एक निबंध लिहायचा आहे आणि त्याचा विषय आहे आधुनिक अमेरिकन कादंबरीतला शोकांत नायक. पत्राच्या शेवटी तिनं सहज विचारलंय, "आजी, तू कधी एखादी अमेरिकन कादंबरी वाचली होतीस का गं?" त्याखाली धाकट्यानं पेन्सिलीनं जोडलंय की आजी फक्त पंचांग वाचते. त्याच्याशी मी वेगळी बोलेन.

वाचली होती. एकच वाचली, पण मोठ्यानं, अठरा दुपारी, शहापुरातल्या आपल्या मागाच्या खोलीत. इंग्रजीतून वाचायची आणि लगेच मराठीतून सांगायची. तेव्हा जे ऐकायला बसले होते त्यांपैकी आता कुणी राहिलेलं नाही. तुमचे आजोबा गेले तेव्हापासून ही गोष्ट माझ्या एकटीपाशी आहे. माझं अक्षर अजून सरळ येतंय तोवर ती लिहून ठेवावी म्हणून आज बसले. निबंधाला तिचा उपयोग होईल असं मात्र वाटत नाही.

सगळं क्रमानं सांगते.

माझे वडील बेळगावच्या कॅम्पात एका शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी मला इंटरपर्यंत शिकवलं. कॉलेजात आमच्या प्राध्यापकांनी शोकांत नायकाची व्याख्या सांगितली होती. तो मोठ्या कुळातला हवा, राजा किंवा सेनापती. उंचावरून पडला तरच पडल्याचा आवाज होतो. त्याच्या अंगात एक खोट असते आणि तीच शेवटी त्याला खाली ओढते. मी हे वहीत लिहून खाली तांबड्या पेन्सिलीनं रेघ मारली होती.

त्यानंतर माझं लग्न शहापुरात, विणकराच्या घरात झालं. लोकांना नवल वाटलं. माझे वडील एवढंच म्हणाले की त्या घराचा शब्द सरळ आहे. तुमचे आजोबा शाळेत गणित शिकवायचे. माग सोडून बाहेर पडलेला त्या घरातला तो पहिला मुलगा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ते चालवून घेतलं, कारण थोरला मुलगा मागावर होता. थोरले म्हणजे माझे भावजी. आप्पांचा सगळा जीव त्यांच्या हातात होता असं म्हटलं तरी चालेल.

घरात पाच माग होते, खड्ड्याचे. तुम्ही असा माग पाहिलेला नाही. जमिनीत खड्डा असतो, विणणारा काठावर बसून पाय आत सोडतो आणि कापड त्याच्या मांडीच्या उंचीवर पसरलेलं असतं. उभ्या सुताचा ताणा ताणलेला, हातात आडव्या सुताचा धोटा, समोर फणी. धोटा आडवा गेला की फणी ओढून ठोका मारायचा. दिवसभर घरात तो ठोका चालायचा. पहिल्या वर्षी मला त्यानं डोकेदुखी झाली. दुसऱ्या वर्षी माहेरी गेले तर ठोका नाही म्हणून झोप येईना.

मी सांगतेय ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या तीन वर्षांतलं. गल्लीतले दोघे हिंडलग्याच्या तुरुंगात होते, कॅम्प गोऱ्या सोल्जरांनी भरला होता आणि बारीक सूत बाजारातून नाहीसं झालं होतं. मिळायचं ते जाडं, तेही रांगेत उभं राहून. भावजींचं म्हणणं होतं की जाडं तर जाडं, तेच विणू. आप्पांना ते ऐकवेना.

"शहापुरातल्या बाया माझं लुगडं डोळं झाकून घेत्यात," आप्पा म्हणाले. "त्यांस्नी आता गोणपाट नेसवू व्हय?"

"माग तरी चालतील, आप्पा. रिकामा माग मला बघवत न्हाय."

"मग जा की निपाणीला. तंबाखूची पोती शिवत बस."

हे आप्पा टोमण्यानं बोलले होते. भावजींनी धोटा तसाच अर्ध्यात ठेवला आणि खड्ड्यातून पाय वर घेतले. तिसऱ्या दिवशी ते खरंच निपाणीला निघाले, एका तंबाखूच्या वखारीत कामाला. बरोबर जाऊबाई होत्या, त्यांना तेव्हा दिवस गेलेले. आप्पा उंबऱ्यात उभे होते. म्हणाले, "आता बोलावल्याबिगर यायचं न्हाय."

भावजी म्हणाले, "बरं."

सगळा घोटाळा त्या 'बरं'मध्ये होता. भांडून गेलेला माणूस सणाला परत येतो. हा माणूस कबूल होऊन गेला होता. एकानं बोलवायचं नाही आणि दुसऱ्यानं बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि दोघेही शब्दाचे पक्के. निपाणी मोटारीनं तीन तासांवर. अडीच वर्षं गेली. तिकडे भावजींना मुलगी झाल्याचं कार्ड आलं, ते आप्पांनी ऐकलं आणि धोतराचा सोगा झटकून उठून गेले. माझ्या सासूबाईंनी, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, ते कार्ड देव्हाऱ्यात उदबत्तीच्या घराखाली ठेवलं.

आणि भावजींच्या मागावर अर्धं लुगडं तसंच होतं.

आमच्या घरात रीत होती की ज्या हातानं लुगडं धरलं त्याच हातानं ते उतरवायचं. प्रत्येकाचा ठोका वेगळा असतो, हात बदलला की कापडावर रेघ दिसते. अर्धं लुगडं मागावरून कापून काढायचं ते विणणारा या जगातून गेला तरच. म्हणून ते कापायचंही नाही आणि दुसऱ्यानं विणायचंही नाही. पाचातला एक माग अडीच वर्षं असा अडकून पडला. आत्याबाईंनी त्यावर जुनं धोतर पांघरलं होतं. दर सोमवारी ते उचलून झटकायच्या आणि परत तसंच घालायच्या, अंगावर पांघरूण घालावं तसं.

मग आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं. तेव्हा डोळ्यांवर महिनाभर तरी पट्टी ठेवत. हलायचं नाही, वाकायचं नाही आणि डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं की डोळ्यांत पाणी येता कामा नये. आप्पांनी हट्टानं खाट मागाच्या खोलीतच टाकायला लावली. पट्टीआड पडल्या पडल्या ते ठोक्यावरून सांगायचे, "दुसऱ्यावरचा, तुझा तार तुटलाय बघ." दुसऱ्या मागावर एक म्हातारे विणकर होते, त्यांना आम्ही काका म्हणायचो. काका कपाळाला हात लावायचे. "डोळं होतं तवा परवडलं," म्हणायचे.

आप्पांचं मन रमवायचं काम माझ्याकडे आलं. घरातल्या दोन पोथ्या आठवड्यात वाचून झाल्या.

"देवांचं लई झालं गं," आप्पा म्हणाले. "त्यांचं शेवटी सगळं बरंच हुतंय. माणसाचं काय हाय का तुझ्यापाशी?"

"एक आहे. पण अमेरिकेतलं आहे, आप्पा."

"आसू दे. तिथं काय माणसं नसत्यात?"

ते पुस्तक माझ्या वडिलांनी कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडून सोडवून आणलं होतं. सोल्जर लोक वाचून टाकून जायचे. पुठ्ठा नव्हता, सुरुवातीची काही पानं नव्हती. म्हणून त्याचं नाव काय, लिहिणारा कोण, हे मला आजही माहीत नाही. थोरलीनं विचारू नये.

पहिल्या दुपारी मी पुस्तक उघडलं तशा आत्याबाई धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायचा रहाट बाजूला सारून आत गेल्या आणि मूठ मिटून परत आल्या. मी पाहिलं तर मुठीत अक्षता. श्रावणात कहाणी ऐकताना हातात तांदूळ धरतात आणि कहाणी संपली की देवापुढे ठेवतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

"आत्याबाई, ही कहाणी नव्हे. गोष्ट आहे नुसती."

"अमेरिकेची हाय म्हणून काय रिकाम्या हातानं ऐकू? वाच तू."

गोष्ट अशी होती. झाडं नसलेल्या, गव्हाच्या सपाट मुलखातलं एक गाव. तिथं विहिरी खणणारा एक माणूस. जमिनीवर चालत जायचा, एका जागी थांबायचा आणि इतक्या हातांवर पाणी आहे म्हणून सांगायचा. ते कधी चुकलं नाही. गावातली प्रत्येक विहीर त्याची. मग गावानं टेकाडावर शाळा बांधायची ठरवली आणि त्यानं सगळ्यांसमोर शब्द दिला, साठ हातांवर पाणी लागेल. साठ हात झाले, खडखडाट. सत्तर झाले. त्याचा मुलगा वर दोर धरायचा. तो म्हणाला, बाबा, खाली ओढ्याकाठी खणू. बाप म्हणाला, मी शब्द दिलाय. मुलगा दोर खांबाला बांधून शहरात मोटारींच्या कारखान्यात निघून गेला.

इथवर आल्यावर पहिल्या मागाचा ठोका मंदावला. दुसऱ्याचा थांबलाच. मला तेव्हा कळलं की मी काय वाचायला घेतलंय. पण आता मिटणार कसं?

"पुढं?" आप्पा म्हणाले.

पुढे गावानं यंत्र आणलं, ओढ्याकाठी भोक पाडलं, शाळेला पाणी मिळालं. टेकाडावरच्या विहिरीची कुणालाच गरज उरली नाही. हा माणूस तरी रोज खाली उतरायचा. त्याची बायको वर उभी राहून मातीच्या बादल्या ओढायची.

रोज वाचून झालं की चर्चा व्हायची.

"चुकलं काय त्येचं?" आप्पा म्हणायचे. "शब्द दिला म्हंजे दिला. यंत्राचं पाणी आनि त्येच्या विहिरीचं पाणी एक हाय व्हय?"

"पिणाऱ्याला एकच," आत्याबाई कांडीवरून नजर न काढता म्हणायच्या. "आनि त्या बाईचं हात बघा जरा. दोर वढून वढून सालटी गेली असतील."

"ती बोलत का न्हाय मग?"

"तिला इचारलंय कुनी?"

काका म्हणाले, "आप्पा, त्यो बी खड्ड्यात, आपन बी खड्ड्यात. आपलं बरं हाय, गुडघ्यापत्तूरच खणलंय."

आप्पा हसले. पण लगेच म्हणाले, "हसवू नका रं, डोळ्यांला ताण बसतोय."

आत्याबाई रोज वाचन संपलं की मुठीतले तांदूळ एका वाटीत काढून ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच घ्यायच्या. गोष्ट संपलेली नाही, मग देवापुढे ठेवणार कसे? दोन आठवड्यांत ते दाणे हाताच्या घामानं आणि सुताच्या रंगानं पार मळकट झाले. मुठीत धरून धरून काही पडले, थोडेच उरले.

त्या दुपारी वाचताना मला माझी वही आठवायची. हा माणूस राजा नव्हता. त्याच्या पायाला माती, नखं फुटलेली. उंचावरून पडायला तो उंचावर नव्हताच, आधीच सत्तर हात खाली होता. तरी घर शांत व्हायचं. प्राध्यापकांची व्याख्या आप्पांच्या खाटेपाशी टिकत नव्हती. खोटेचंही तसंच. त्या माणसाची खोट कुठली म्हणून शोधायला गेलं की हाताला त्याचा गुणच लागायचा.

सतराव्या दिवशी सकाळी मी स्वयंपाक उरकून माडीच्या जिन्यावर बसले आणि शेवटचं प्रकरण एकटीनं वाचून काढलं. ते असं होतं. आईनं पत्र पाठवलं म्हणून मुलगा परत येतो. विहिरीच्या काठावर येऊन हाक मारतो. खाली बापाला हाक ऐकू येते. त्याच वेळी त्याच्या पायाखालची माती ओली लागलेली असते. त्याला वाटतं, आधी पाण्याची बादली वर जाऊ दे, मग ओ देईन. तो ओ देत नाही, खणत राहतो आणि बाजूची भिंत ढासळते. दोर ओढल्यावर अर्धी बादली वर येते, ओल्या मातीची.

मी पुस्तक मिटून जिन्यावरच बसून राहिले. खाली खाटेवर एक माणूस, त्याच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये. त्याच्याजवळ एक बाई, मुठीत तांदूळ धरून, चांगल्या शेवटाची वाट पाहणारी. मी ठरवलं की शेवट बदलायचा. मला ते सोपं वाटलं. इंग्रजी येणारी घरात मी एकटी होते.

अठराव्या दिवशी चारही मागांवरचे लोक आधीच जवळ येऊन बसले. मी पुस्तकातल्या ओळींवर नजर ठेवून सांगत गेले. मुलगा आला. हाक मारली. बापानं ओ दिली, दोर धरून वर आला, मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनी मिळून ओढ्याकाठी नवी विहीर धरली.

आत्याबाईंनी मूठ उघडली आणि देव्हाऱ्याकडे जायला उठल्या.

"बस जरा," आप्पा म्हणाले. मग मला, "वर आला त्यो?"

"हो."

"पाणी लागल्याबिगर?"

मी उगाच पान उलटलं.

"पोरी, अठरा दिस झालं, त्यो माणूस मला ठावं हाय. हाकंसरशी वर येणारा असता तर साठ हातांवरच आला असता. तू खोटं वाचतीस."

"आप्पा, डॉक्टरांनी सांगितलंय की..."

"डॉक्टरला डोळ्याचं कळतंय. हाय तसं वाच."

वाचलं. एक शब्द न गाळता वाचलं. हाकेपाशी माझा आवाज फाटला, तेव्हा पाणी आणायला म्हणून काका उठले आणि पाणी न घेताच परत येऊन बसले. अर्धी बादली वर आली, पुस्तक संपलं. माग सगळे बंद. आप्पांचा हात पट्टीकडे गेला आणि मध्येच थांबून छातीवर आला. ते रडले नाहीत. मग म्हणाले, "हाक ऐकू आलती त्येला?"

"हो, आप्पा."

"नक्की? का हेबी तुझंच?"

"पुस्तकात आहे. ऐकू आली होती."

"ऐकू आलती," आप्पा स्वतःशी म्हणाले.

आत्याबाई अजून उभ्याच होत्या, मूठ मिटून. त्या तांदळाचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. अशा शेवटावर ते देवापुढे ठेवता येत नव्हते आणि टाकताही येत नव्हते. शेवटी त्यांनी ते पदराच्या टोकाला बांधले आणि चुलीकडे गेल्या. त्या दिवशी घरात परत ठोका पडला नाही. तुमचे आजोबा शाळेतून आल्यावर मला म्हणाले, "घरात आणखी कोण आजारी पडलंय का?" मी सांगितलं, अमेरिकेत एक माणूस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी मला कागद आणि दौत आणायला सांगितली.

"लिही. थोरल्याला. तुझ्या मागावरचा ताणा विरायला लागलाय. उंदरानं दोन ठिकाणी तोडलाय. काठाचं रेशीम फिकं पडलंय. कळावं."

मी लिहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"'ये' असं लिहू का खाली?"

"मी म्हटलं व्हय ये?"

"नाही."

"मग कशाला लिहितीस? एकदा फेरफार करून झालाय न्हवं तुझा?"

कालचं ताजं होतं. पण लेखणी हातात धरून मला दिसत होतं की हे पत्र अर्धीच बादली आहे. त्यात बोलावणं कुठेच नव्हतं आणि भावजी 'बरं' म्हणून गेलेले. ताणा विरतोय हे वाचून ते फार तर मान हलवतील आणि पुन्हा वखारीत जातील. मी पत्र पाकिटात घातलं. तेवढ्यात आत्याबाई आल्या, पदराची गाठ सोडली, ते मळके दाणे तळहातावर घेतले, करंड्यातलं कुंकू त्यांना चोळलं आणि पाकिटात टाकायला लागल्या.

लग्नकार्याचं बोलावणं आपल्याकडे अक्षता देऊन करतात. अक्षत आली म्हणजे बोलावणं आलं. आलेल्या अक्षतेला नाही म्हणता येत नाही आणि दिलेली अक्षत परत घेता येत नाही. खोलीतल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, आप्पांना सगळ्यांत जास्त.

पाकीट खुळखुळलं. आप्पांनी पट्टीसकट तोंड वळवलं.

"काय घालतीस त्यात?"

"तांदूळ," आत्याबाई म्हणाल्या.

काकांनी धोटा हातात धरून ठेवला होता. आप्पा नाही म्हणाले असते तर ते पाकीट तिथंच फाडावं लागलं असतं आणि मग दुसरं कधीच लिहिलं गेलं नसतं.

"लई घालू नकोस," आप्पा म्हणाले. "पाकीट फाटंल."

काकांनी धोटा टाकला. ठोका परत सुरू झाला. पत्र मी स्वतः जाऊन टपालात टाकलं, कुणाच्या हाती दिलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी भावजी आले. तेव्हा पेट्रोल मिळत नसल्यानं मोटारी कोळशाच्या धुरावर चालायच्या, त्यामुळे तिघांचीही तोंडं काळी झाली होती. कडेवर दोन वर्षांची मुलगी, मागे जाऊबाई. आप्पांच्या डोळ्यांचं आम्ही त्यांना कळवलेलं नव्हतं. खाटेवरची पट्टी पाहून भावजी उंबऱ्यातच थांबले. मग मुलीला आत्याबाईंकडे दिलं, पायावर पाणी घेतलं, आपल्या मागावरचं धोतर उचललं आणि पाय खड्ड्यात सोडले.

अर्धा तास तर तुटलेले तार सांधण्यातच गेला. मी शेजारी बसून तार हातात देत होते.

"त्या मागावर कोन हाय?" आप्पांनी विचारलं.

"तुमीच वळखा," आत्याबाई म्हणाल्या.

भावजींनी धोटा टाकला, फणी ओढली. एक ठोका. दोन. तीन. आप्पा ऐकत होते.

"वढून मार जरा. हात ढिला पडलाय तुझा."

"तंबाखूनं पडलाय, आप्पा."

"पडंलच." थोड्या वेळानं, "बोलावणं पोचलं?"

"पोचलं. तांदूळ लई मळकं हुतं पण."

"अठरा दिस मुठीत हुतं," आत्याबाई म्हणाल्या. "मळणार न्हाईत तर काय हुतील?"

मग त्यांनी नातीला आप्पांच्या खाटेवर ठेवलं. तिनं आधी त्यांच्या मिशा पाहिल्या आणि थेट पट्टीला हात घातला. "अगं हिला धरा, ही पट्टी वडाय लागली की," आप्पा म्हणाले. पण तिला दूर केलं नाही. तिचा हात आपल्या हातात धरून ठेवला, तळव्यावरून बोट फिरवून पाहिलं, सुताचा पोत बघावा तसं.

दोन दिवसांनी पट्टी निघाली. आप्पांनी आधी नात पाहिली, मग लुगडं पाहिलं. खरं सांगायचं तर लुगडं जास्त वेळ पाहिलं.

भावजींनी नऊ दिवसांत ते पुरं केलं आणि वखारीची रजा संपली म्हणून निपाणीला परत गेले. ते मागावर कायमचे आले नाहीत. आप्पांनीही तसं मागितलं नाही. पुढे दोन मागांवर जाडं सूत चढलं. आप्पा त्या दोन मागांकडे पाठ करून बसायचे, पण चढू दिलं. प्रत्येक सणाला भावजी यायचे आणि प्रत्येक वेळी आत्याबाई आधी पाकिटातून तांदूळ धाडायच्या. गरज नव्हती. रीत पडून गेली. स्वातंत्र्य आलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आप्पा गेले, तेव्हा भावजी आठवडाभर आधीपासून उशाशी होते.

ते लुगडं विकायला नेलं तर व्यापाऱ्यानं उलगडलं आणि बरोबर मधोमध बोट ठेवलं. तिथं रेघ होती. अलीकडची वीण घट्ट, पलीकडची जरा सैल, काठाचा रंगही इकडे फिका आणि तिकडे ताजा. "दोघांनी विणलंय," तो म्हणाला. आप्पांनी लुगडं त्याच्या हातातून काढून घेतलं. "एकानंच विणलंय," म्हणाले. "मधी जरा बाहेर गेलता." आणि घरी आणून आत्याबाईंना नेसायला दिलं.

थोरले गं, तू निबंधात व्याख्या लिहिशील तेव्हा प्राध्यापकांना हवी तशीच लिही, नाहीतर मार्क जातील. पण विहीरवाल्याची एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही, ती तुला सांगते. त्याच्या मुलानं हाक मारली तेव्हा तो वाईट नव्हता, रागावलेलाही नव्हता. त्याला फक्त रिकाम्या हातानं वर यायचं नव्हतं. अशी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यांतल्या दोघांच्या घरात राहिले. त्यांना वर यायला काहीतरी हातात द्यावं लागतं, चार दाणे का होईनात.

धाकट्यासाठी उत्तर: हो, पंचांगही वाचते.

पुस्तक वाळवीनं खाल्लं. आपले माग काका वारल्यावर एकेक करून निघाले, खड्डे बुजवून वर फरशी घातली. आत्याबाईंनी जाण्याआधी ते लुगडं मला दिलं. ते माझ्या पेटीत आहे, नऊ वार पुरं, मधोमध रेघ असलेलं. अजून एकही तार तुटलेला नाही.